दुधाच्या टाकीची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, विचित्र आणि आता फार दमलेली गाडी आहे. माझ्यासारखी दुसरी मोठी गाडी जगात नाही. माझ्यासारख्या तळहातावर मावणाऱ्या गाड्या मात्र हजारो झाल्या.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या हॅनफर्ड गावाजवळ एका गोठ्यामागे झाला. आदेलिनो फुर्तादो दूध काढण्याची यंत्रं दुरुस्त करायचा. १९६३ साली त्याला पोचे पडलेली दुधाची एक टाकी भंगारात मिळाली. त्याने ती आडवी पाडली, कापली, पुढे इंजिन बसवलं आणि मागे ट्रकची चाकं लावली. बैठक त्याच्या बायकोने, इल्दाने शिवली. काळ्यापांढऱ्या गाईचं कातडं आणि जाड सुई. तिच्या बोटांना घट्टे पडले.

"ह्यात बसून तू बाजारात जाणार?" तिने विचारलं.

"बाजारात कशाला? प्रदर्शनात."

"म्हणजे भाजी मीच आणायची."

प्रदर्शनात माझ्याभोवती गर्दी व्हायची. मग खेळण्यांच्या एका कंपनीने माझे छोटे सुटे भाग प्लॅस्टिकमध्ये काढले आणि खोक्यात भरून विकले. मुलांनी ते चिकटवायचे आणि हवे तसे रंगवायचे. कुणी मला जांभळी केली, कुणी नाकावर शिंगं बसवली. ती मला फार आवडली. खोक्यावर छापलं होतं, 'आदेलिनो फुर्तादोची अफलातून गाडी'. इल्दाने खोका उलटसुलट करून पाहिला आणि कपाटावर ठेवून दिला.

बारा वर्षं मला दोरांनी आवळून गावोगाव नेलं. मी धावले कमी, मला वाहून नेलं जास्त. दोर घासून रंग गेला. मग लोकांना नवं काही हवं झालं आणि मी गोठ्यामागे उभी राहिले. टायर बसले. बैठकीच्या एका कोपऱ्यात उंदरांनी घर केलं. तीस वर्षं गेली.

नवराबायकोने लेकीकडे राहायला जायचं ठरवलं तेव्हा इल्दानेच भंगारवाल्याला बोलावलं. मला वाईट वाटलं नाही. उभं राहण्याचाही कंटाळा येतो.

तो यायच्या आदल्या दिवशी नोरीन हॅसब्रुक नावाच्या बाई आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, छोट्या गाड्या बनवण्याचा नाद असलेल्या. मला पुन्हा छोट्या रूपात, अगदी हुबेहूब बनवायला त्यांनी घेतलं होतं. खाली आडव्या पडून त्यांनी मापं घेतली, मग आत डोकं घातलं.

"खोक्यातली बैठक तर गुळगुळीत लाल होती. ही शिलाई कुणाची?"

"इल्दाची," आदेलिनो म्हणाला.

"मग खोक्यावर त्यांचं नाव कसं नाही?"

"कुणी विचारलं नाही."

इल्दा गोठ्याच्या मागच्या दारात हात पुसत उभी होती. "तूही सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

आदेलिनोने टोपी काढली. "नाही सांगितलं. चुकलंच माझं."

इल्दाने चष्मा लावला आणि जवळ येऊन ती नोरीनबाईंच्या शेजारी वाकली. "टाके नीट मोज. इंचाला सहा आहेत. पाच घातलेस तर माझं नाव लावू नकोस."

संध्याकाळपर्यंत त्या दोघी माझ्यात बसून होत्या. इतक्या वर्षांत इल्दा माझ्या बैठकीवर पहिल्यांदाच टेकली होती.

सकाळी भंगारवाला आला. "गाडी द्यायची नाही," इल्दाने सांगितलं.

"बाई, तुम्हीच तर बोलावलंत."

"मीच बोलावलं. आता मीच परत पाठवतेय."

मी त्यांच्या पुतण्याच्या शेडमध्ये आले. नोरीनबाईंची छोटी गाडी टपालाने इल्दाकडे आली. तिच्यावर दोन नावं होती. ती आदेलिनोने पाहिली. पुढच्या वसंतात तो गेला.

आता माझं इंजिन सुरू होत नाही. पुतण्या अधूनमधून धूळ झटकतो, तेवढं पुरतं. मित्रांनो, माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात पडलेलं दिसलं तर कोरड्या फडक्याने पुसा, उंदीर हाकला. आणि ते कुणाकुणाच्या हातचं आहे, हे ते हात असेपर्यंत विचारून घ्या. उशीर झाला की टाके उरतात, सांगणारं कुणी उरत नाही.