बगलेतली शिवण

"एक, दोन... वळा!" म्हणत सिस्टरने मास्तरांना पालथं केलं, छातीखाली उशी सरकवली आणि ऑक्सिजनची नळी मोकळी केली. पालथं झोपलं की श्वास सोपा होतो, हे तिने कालपासून त्यांना दहादा सांगितलं होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चाळीस वर्षं कपडे शिवलेले टेलरमास्तर. ते खोलीला कंटाळले होते आणि खोली त्यांना.

कोरोना वॉर्डातल्या तीन खाटा, सीलबंद खिडक्या आणि डोक्यापासून पायापर्यंत पीपीई किटमध्ये गुंडाळलेली एकटी सिस्टर. सकाळी आठला आत यायचं, दोनला सुटायचं. मध्ये पाण्याचा घोटसुद्धा नाही. जोडीची सिस्टर स्वतःच तापाने आडवी झाली होती, त्यामुळे आज बदली मिळायची नव्हती.

अकराच्या सुमारास तिसऱ्या खाटेवरच्या आजींचा मास्क सारखा करायला तिने हात उचलला, तसे मास्तर मान वळवून म्हणाले,

"सिस्टर, रागावू नका. तुमच्या उजव्या बगलेत शिवण उसवलीय. चांगली वीतभर."

"आत्ता?"

"नाही... सकाळी मला बसतं केलंत ना, तेव्हाच."

"आणि आत्ता सांगताय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही निघून गेला असतात." मास्तरांना बोलताना धाप लागली. "काल तुम्ही गेलात आणि तासभर कुणी फिरकलं नाही. श्वास पुरेना. भीती वाटली हो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच कळलं असतं, तर आंघोळ करून, नवं किट चढवून ती परत आली असती. इथे तीन तास ती या हवेत उघड्या बगलेने वावरली होती. नियम सरळ होता: आता सात दिवस घरी जायचं नाही. तिने भिंतीवरचा फोन उचलला.

"लगेच बाहेर ये," मेट्रनबाई म्हणाल्या.

"आत कोण येतंय?"

"दोनपर्यंत कुणीच नाही गं."

दार चार पावलांवर होतं. तिला खरंच जायचं होतं, या घटकेला, पळत. आजींच्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवरून शहाऐंशीवर आला.

"मग मी दोनलाच निघते. घरी तेवढा फोन करा. सासूबाईंना सांगा, बाळाला आजपासून वरचं दूध द्या. बाटली घेत नाही ती, रडून गोंधळ घालेल. चमच्याने पाजा म्हणावं."

तिने आजींचा ऑक्सिजन वाढवला, त्यांना कुशीवर वळवलं आणि आकडा नव्वदला पोचेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग चिकटपट्टी घेऊन मास्तरांच्या खाटेशी आली.

"केवढी आहे?" मास्तरांनी विचारलं. तिच्याकडे बघायची त्यांना हिंमत होत नव्हती.

"सात महिन्यांची."

मास्तर हळूहळू उठून बसले. "मला माहीत नव्हतं हो..."

"मास्क काढू नका. आधी हे हातांना चोळा." तिने त्यांच्या तळव्यांवर जंतुनाशक ओतलं, पट्टी त्यांच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून हात वर धरला. माझा हात तिथे पोचत नाही, म्हणाली.

मास्तरांनी दोन्ही कडा जुळवून धरल्या. पट्टीचं टोक त्यांना लवकर सापडेना.

"नीट लावा, मास्तर," ती म्हणाली. "अजून तीन तास काढायचेत."