पोटखराब वीस गुंठे

वाटणीत रंगुबाईच्या पदरात खर्ड्याजवळच्या डोंगरउताराचे वीस गुंठे पडले, तेव्हा चुलत दीर सूर्यभान म्हणाला होता, "वहिनी, ह्याच्यावर पापड वाळत घाला." खोटं नव्हतं ते. सगळा उघडा कातळ. सातबाऱ्यावरही 'पोटखराब' लिहिलेलं. म्हणजे सरकारच्या लेखी तिथं कधी काही पिकणार नाही.

रंगुबाईनं मात्र एक गोष्ट हेरली होती. वरच्या अंगाचे काळे दगड उन्हानं तडकत, पावसानं भिजत आणि कांद्यासारखे पापुद्रे सोडत. पापुद्र्याचा मुरूम होई, मुरमाची माती होई, आणि ती माती दर पावसाळ्यात वाहून दुसऱ्याच्या रानात जाई. आपल्या घरचं दूध शेजारच्या मांजरानं प्यावं, तसं हे तिला सलायचं.

मग दरसाल ऊसतोडीवरून परतलं की ती आणि नवरा अजिनाथ उताराला आडवा दगड रचून ताल, म्हणजे बांध, घालू लागले. माती साठेल तसा ताल वीतभर उंच करायचा. पाणी निथळून जाई, माती मागं राही. लोक म्हणत, आता पेरा की! ही ढिम्म. कमरेइतकी माती झाल्याशिवाय नांगर घालायचा नाही, हा तिचा हट्ट. अजिनाथनं तिच्याशी वाद घालणं केव्हाच सोडलं होतं.

यंदा वैशाखात परतून पाहिलं, तर माती कमरेला लागत होती. 'पोटखराब' काढावं म्हणून तिनं अर्ज दिला, आणि सूर्यभाननं तक्रार ठोकली: ही माती डोंगराची नाहीच, गावतलावातला गाळ टेम्पोनं चोरून आणलाय. ते खरं ठरलं तर शेरा तसाच राहणार, वर चोरीचा डाग. एवढ्या वर्षांचे कष्ट, आणि नाव चोरीचं!

पंचनाम्याला मंडळ अधिकारी राजेश्वरी मॅडम आल्या. त्यांच्या आधी गाव गोळा झालं होतं.

"खड्डा घ्या मॅडम," सूर्यभानच तावातावानं बोलला. "दूध का दूध, पानी का पानी हुईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अजिनाथनं तालाजवळ खड्डा खणला. मॅडम आत उतरल्या, खुरप्यानं त्याची कड तासली आणि बघतच राहिल्या. मातीत पट्टे होते. खाली खडे, वर बारीक माती. पुन्हा खडे, पुन्हा माती.

रंगुबाईनंही हे आजवर पाहिलं नव्हतं. पण आपलं काम आपल्याला ओळखू येतंच. ती पदर खोचून आत उतरली.

"ह्यो येकेक पावसाळा हाय, मॅडम. पयल्या लोंढ्याला खडे येत्यात, मागनं बारीक माती बसती. खालनं मोजा. ही दुसरी रेघ दोऱ्यायेवढी, तो बारा सालचा दुष्काळ. ही आठवी, गुरांच्या छावनीचं साल. आन् ही धाव्वी वीतभर. त्या साली ताल वाहून जाता जाता ऱ्हायला."

मॅडमनी मोबाईलवर तालुक्याच्या पावसाचे आकडे काढले आणि एकेक पट्टा ताडून पाहिला. कमी पावसाला पट्टा बारीक, जास्त पावसाला जाड. चौदा पट्टे, चौदा पावसाळे. त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली पापुद्रे सुटलेला कातळ. मॅडमनी एक पापुद्रा चिमटीत दाबला, त्याचा भुगा झाला.

"दगड बी कुजतो मॅडम," रंगुबाई म्हणाली. "फकस्त त्याला घाई न्हाई."

मॅडमनी वर येऊन पंचनामा लिहिला. "टेम्पोतून ओतलेली माती अशी सालवार बसत नाही," त्या सूर्यभानला म्हणाल्या. "तक्रारदार तुम्हीच ना? करा सही."

आधी त्यांनी कागद हळू आवाजात वाचून दाखवला: 'माती अर्जदाराच्याच उतारावरची असून अर्जदार व तिच्या पतीने चौदा वर्षे ताल घालून अडवलेली आहे. जमीन लागवडीलायक. पोटखराब शेरा कमी करावा.' सूर्यभाननं मान खाली घालून सही केली.

रंगुबाईचा आनंद पोटात मावेना. एवढ्यावर सोडायची तिची तयारीच नव्हती.

"मॅडम, येकदा मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "मागच्या लोकांला ऐकू आलं न्हाई."

मॅडम हसल्या आणि खणखणीत आवाजात पहिल्यापासून वाचू लागल्या. सूर्यभान तोवर सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला होता. त्यालाही शब्द न् शब्द ऐकू गेला.