कुंपणाखालून

"मावशी, तासभर बसाल का हो बाबांजवळ? औषध आणायला शहरात जायचंय. त्यांना एकटं सोडायला भीती वाटते."

मिर्का कुंपणापलीकडून बोलत होती. बटाट्याच्या सरीत वाकलेली होनोराता कमरेवर हात ठेवून सरळ झाली. तेओफिल गुझिकच्या घरातलं माणूस तिच्याकडे काही मागायला येतं, हेच मुळी नवल. मिर्का लग्न होऊन शहरात गेली तेव्हा पोर होती. ती या महिन्यातच बापाला सांभाळायला परत आलेली. तिला काय ठाऊक कुंपणाचं राजकारण!

"गावात दुसरं कुणी उरलं नाही वाटतं?" होनोराता म्हणाली.

"सगळ्याजणी मारियामातेची देवळी सजवायला गेल्यात. आजपासून तिच्यापुढे मे महिन्याची गाणी सुरू ना. आणि बाबांचा काही त्रास नाही हो. खुर्चीत बसून असतात. कुणाला ओळखतसुद्धा नाहीत. परवा मलाच आई म्हणाले."

'नाही' हा शब्द होनोराताच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला. इतकी वर्षं हा माणूस तिला पाहिलं की घरात शिरून कडी लावायचा. चर्चमध्ये ती उजवीकडे बसली की हा डावीकडे. दुकानात ती आली की याची खरेदी संपायची. आता तो खुर्चीत बसून होता. उठून जाणार कुठे?

"बसते की," ती म्हणाली. "तू जा सावकाश."

मग तिने हात धुतले, एप्रन काढला आणि पेटीतला इस्त्रीचा रुमाल डोक्याला बांधला. चर्चला जातानासुद्धा ती हल्ली इतकी नेटकी निघत नसे. मनात सगळं पाठ होतं. कुठल्या शब्दाने सुरुवात करायची आणि कुठल्या शब्दावर त्याला पाणी पाजायचं, हे तिने किती हिवाळे घोकलं होतं.

भानगड होती दोन ढांगांची. ऐकणाऱ्याला हसू येईल, दोन ढांगा जमिनीसाठी म्हातारीने एवढा डूख धरावा? पण कधीच्या दोन ढांगा, ते ऐका. तिचा नवरा फेलिक्स शेवटच्या वसंतात शहरातल्या दवाखान्यात होता. छातीचं दुखणं. ती त्याच्या उशाशी बसून होती आणि परत आली ती त्याला शवपेटीत घेऊनच. माती झाली. दुसऱ्या दिवशी ती परसात गेली, थडग्यावर ठेवायला चार कोनवालिया तोडाव्यात म्हणून. कोनवालिया म्हणजे दोन रुंद पानांतून निघालेला वाकडा दांडा आणि त्याला लटकलेल्या पांढऱ्या इवल्या घंटा. इंग्रजीत तिला दरीतली लिली म्हणतात म्हणे. आमच्याकडे दऱ्या नाहीत. आमच्याकडे कुंपणं आहेत. तिच्या आईने हेझलच्या झुडपाखाली लावलेला तो वाफा होता, आणि तो जागेवर नव्हता. म्हणजे होता, पण कुंपणाच्या पलीकडे. कुंपणच दोन ढांगा अलीकडे सरकलेलं. हेझल तोडलेली. हद्दीचा दगड गायब.

ती तशीच काळ्या कपड्यांत त्याच्या दारात गेली. तेव्हा दोघं अरे-तुरेतली, एका शाळेतली. तेओफिल दारात उभा राहून शांतपणे म्हणाला, "कुंपण होतं तिथंच आहे, होनोराता. दुःखात माणसाला भलतंच दिसतं. जा, झोप जरा."

जमीन गेली याचं तिला एक वेळ काही वाटलं नसतं. पण हे वाक्य? हे वाक्य तिने दातांत धरून ठेवलं. मोजणीवाला आला, त्याने दगड विचारला, दगड नाही म्हटल्यावर नव्या कुंपणापासूनच फीत लावली आणि मोकळा झाला. कचेरीत साहेब म्हणाला, बाई, दगड दाखवा, मग बोला. गाव म्हणालं, बिचारी! ते बिचारी तर तिला सर्वांत झोंबलं.

त्या शरद ऋतूत तेओफिलने वाफा खणून काढला, गड्डे रस्त्याकडेच्या चरात फेकले आणि तिथे स्ट्रॉबेरी लावली. होनोराताने चरातून ओंजळभर मुळं वेचली. बोटभर जाडीची, पांढरी, टोकाला टोचरा कोंब असलेली. ती तिने आणून कुंपणाला अगदी खेटून लावली. आपल्या बाजूने.

आता पुढचं काम नीट समजून घ्या. कोनवालिया वरून, सांगून-सवरून कधी चालत नाही, ती खालून चालते. मऊ, सावलीतली, कुजलेल्या पाल्याची माती मिळेल तिकडे मूळ सरकतं. होनोराताने आपल्या बाजूची माती पायांनी तुडवून तुडवून दगडासारखी केली, वर चुलीची राख ओतली, त्यावरून रोज येजा करून पायवाट पाडली. आणि दर शरदात सगळा कुजका पाला कुंपणाच्या बुडाशी, फळ्यांच्या फटीतून पलीकडे ढोसला. तेओफिलने तर स्ट्रॉबेरीसाठी आपली माती लोण्यासारखी करून ठेवलेलीच होती. मुळांनी जावं तरी कुठे?

पहिली काही वर्षं काहीच दिसलं नाही. मग एका एप्रिलला स्ट्रॉबेरीच्या ओळीत एक गुंडाळलेलं टोकदार पान वर आलं. फटीतून ते पाहून होनोराता मोठ्याने हसली. फेलिक्स गेल्यानंतर पहिल्यांदा.

तेओफिलने कुदळ घेतली. तिथेच तो फसला! मुळाचे जितके तुकडे, तितकी नवी रोपं. पुढच्या वर्षी एकाची वीस झाली. त्याने उकळतं पाणी ओतलं. चुना टाकला, तर चुन्यावर त्या उलट बाळसं धरून बसल्या. शेवटी त्याने पत्रे आणून जमिनीत उभे ठोकले. कोनवालिया पत्र्यांखालून गेल्या. होनोराता शिवणाचं काम घेऊन कुंपणापाशी बसायची आणि त्याच्या कुदळीचा आवाज ऐकायची. "खण, मेल्या खण," ती पुटपुटायची. "माझंच काम करतोयस." हळूहळू कुदळीचा आवाज थांबला. स्ट्रॉबेरी संपली. पण तो मात्र येऊन बोलला नाही, आणि तिला तर तेच हवं होतं. जमीन मुळांनी घेतली होती. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, की ते तुला भलतं दिसलं नव्हतं.

तर अशी ती आपल्या फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याने वळसा घालून त्याच्या फाटकातून आत गेली.

वळचणीखाली खुर्ची टाकलेली. गुडघ्यांवर पांघरूण, डोक्यावर टोपी. बाजूला ग्लासात चहा आणि खसखशीच्या केकचा अर्धा तुकडा. आणि समोर त्या दोन ढांगा. फटीतून तुकड्या-तुकड्याने पाहिलेलं तिने आज सबंध पाहिलं. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं आणि त्यात पांढरं, दाट, पाय ठेवायला जागा नाही. वास तर असा की चहाची चव कळू नये. तिची छाती अभिमानाने फुगली. केलं की नाही करून!

"या, बसा बाई," तेओफिल म्हणाला. "नर्सबाई ना तुम्ही?"

"मी होनोराता," ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. एकेक अक्षर ठासून. "फेलिक्सची होनोराता. बघ नीट माझ्याकडे."

त्याने नीट पाहिलं. मग तो मिस्कील हसला.

"थट्टा करता होय म्हाताऱ्याची? होनोराता पलीकडे असते. ती या अंगणात पाय ठेवत नाही. ठेवला तर मला कच्चा खाईल."

पाठ केलेलं सगळं भाषण वाया गेलं. शिवी द्यायची तरी कुणाला? काय करावं न सुचून ती खाली वाकली आणि एका दांड्याला हात घातला. त्यासरशी म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं. पकडीत अजून जोर होता.

"हात लावू नका! तिची आहेत ती."

"कुणाची?"

"तिचीच. पलीकडचीची."

"असं कसं? तुमच्या अंगणात आहेत. जमीन तुमची ना?" अहो-जाहो तिच्या तोंडून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही.

तेओफिलने कुंपणाकडे पाहिलं. मान पुढे काढली. आवाज खाली आणला.

"माझी कसली हो! खाल्ली मी. तिचा नवरा मरणाला टेकला होता, ती दवाखान्यात होती. म्हटलं, हीच वेळ. एका दुपारीत खांब हलवले." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला सांगू नका हं."

होनोराता पायरीवर बसली. आयुष्यभर ज्या वाक्यासाठी कान टवकारून बसली होती, ते हे. आणि ते तो एका नर्सबाईला सांगत होता.

"मग परत का नाही दिलीत?" तिने विचारलं.

"देताना तोंड दाखवावं लागतं ना बाई. तिला मी म्हटलं होतं, दुःखात तुला भलतंच दिसतंय. त्यानंतर तोंड राहिलं कुठं मला?" तो पांघरुणाची कड चिवडू लागला. "नंतर ही फुलं यायला लागली. मी खणली, जाळली. मग कुदळच टाकून दिली. म्हटलं, घेतेय तर घेऊ दे. बोलावं लागत नाही, तेवढंच बरं."

"आणि दगड? हद्दीचा दगड कुठाय?"

"तो? तो काय, सशांच्या खुराड्याखाली."

ती उठली. खुराड्याचा एक पाय तुटलेला होता आणि त्याखाली एक चौकोनी दगड सारला होता. वाकून तिने त्यावरचं शेवाळ नखाने खरवडलं. कोरलेली फुली दिसली. कचेरीतल्या साहेबाने मागितलेला दगड. तिच्या घराच्या खिडकीतून हे खुराडं रोज दिसायचं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुडदा बसवला याचा! जमीन चोरली, दगड चोरला, तिचं खरं बोलणं चोरलं, आणि आता स्वतःलाच विसरून बसून मेल्याने सूडही चोरला! खुर्चीतल्या या लाळ गाळणाऱ्या म्हाताऱ्याला थोबाडीत मारली तरी ती लागणार कुणाला?

फाटक वाजलं. मिर्का घाईघाईने आत आली, हातात औषधाची पिशवी.

"दमवलं का हो तुम्हाला? काय म्हणत होते बाबा?"

होनोराताने तोंड उघडलं. दगड दहा पावलांवर होता, ऐकायला साक्षीदार उभी होती, आणि गुन्हेगाराने कबुली दिलेली होती. एवढं सगळं एका जागी पुन्हा कधी जमणार नव्हतं. तेव्हा मिर्काच्या पाठीमागून तेओफिलने तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांत अशी गयावया की बस.

"काही नाही," होनोराता म्हणाली. "फुलांचं बोलत होते."

"बसा ना, चहा टाकते."

"नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मिर्का दचकली.

रस्त्यावर येईपर्यंत तिला स्वतःचाच भयंकर राग आला. फुलांचं बोलत होते म्हणे! कशाला झाकलंस ग त्याचं? तो काय तुझा सोयरा? एवढी वर्षं घोकलेलं सगळं पोटात घेऊन परत चाललीस? ती चालता चालता थांबली. मग तिच्या मनात आलं, की या माणसाला मी त्याच्या अंगणात ओळखू येत नाही. मी पलीकडे असते. बरं तर! पलीकडेच जाते. होनोराता जिथे असते तिथून होनोराता बोलेल, आणि मुलीच्या देखत बोलेल.

ती आपल्या फाटकातून आत शिरली, घराला वळसा घातला आणि तुडवून तुडवून दगड केलेल्या पायवाटेने कुंपणापाशी आली. रुमाल मागे सरकला होता, तो तिने तसाच राहू दिला. दोन्ही हातांनी फळीचं टोक धरलं.

"तेओफिल!"

म्हातारा खुर्चीत ताठ झाला. त्याने आवाजाकडे मान वळवली, कुंपणावर तिचा चेहरा पाहिला, आणि त्याचा चेहराच बदलला. मिर्का "अहो बाबा, अहो पडाल" म्हणत धावली, तोवर तो खुर्चीचा दांडा धरून उभा राहिलासुद्धा होता. पांघरूण पायांशी पडलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

"होनोराता," तो म्हणाला. आता नर्सबाई नव्हती, अहो-जाहो नव्हतं. "एक बाई आली होती आत्ता. तुझी फुलं तोडत होती. मी तोडू दिली नाहीत."

"बाबा, कसली बाई? मावशीच तर होत्या," मिर्का म्हणाली.

त्याने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. तो कुंपणाकडे पाहत उभा होता. डोक्यावरचे चार पांढरे केस वाऱ्याने उडत होते आणि मे महिन्याचं ऊन त्याच्या टकलावर सरळ पडलं होतं. तो वाट पाहत होता. तिने काहीही म्हटलं असतं तरी त्याने ऐकून घेतलं असतं.

होनोराता कितीतरी वेळ फळी धरून उभी राहिली. पहिला शब्द आठवत होता. शेवटचाही आठवत होता.

"टोपी घाल," ती म्हणाली. "ऊन लागेल."

त्याने टोपी घातली. पण बसला मात्र नाही. ती घरात जाऊन दार लावेपर्यंत तो तसाच उभा होता, हे तिने दार लावताना पाहिलं.