गाठीतलं पाणी

मी एसटीत कंडक्टर. अर्धं आयुष्य धुळे-पिंपळनेर गाडीवर गेलं, त्यामुळे आवाज मोठा आणि डोकं गरम, हे आधीच सांगून ठेवते. मागच्या दाराला लोंबकळणारे माझ्या एका हाकेत आत यायचे. पण यंदा छातीत गाठ निघाली आणि दोन डोसांत केमोच्या औषधानं माझा आवाज पार बसवला. केस गेले, तोंडाची चव गेली. गाठ मात्र मजेत. बोट लावावं तर तिथेच, तेवढीच.

म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं होतं. जळगावच्या इस्पितळात एमआरआय होता, औषध लागू पडतंय की नाही ते बघायला. नाही म्हणाले तर बास. त्यांनी दुसरं औषध काढलं तरी मी सुई टोचून घेणार नव्हते, अक्कासोबत सरळ पिंपळनेरला, तिच्या घरी जाणार होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, झुंबरबाई. ती तर मला न्यायलाच आली होती. प्रेमराजला, माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं हातातला घास ताटात ठेवून दिला. मला त्याचाही राग आला.

जळगावला मशीन बघणारी डॉक्टर विधी म्हणून होती. सराफ्यातल्या मारवाड्याची मुलगी, बोलायला गोड. मी तिला तडकून विचारलं, गाठ तेवढीच आहे हे मला हाताला कळतंय, मग तुमचं मशीन वेगळं काय सांगणार? ती चिडली नाही. म्हणाली, मावशी, गाठ लहान व्हायला वेळ लागतो, पण आतलं आधी बदलतं. शरीरातलं पाणी सतत हलत असतं. गाठीत पेशी इतक्या दाटीनं बसलेल्या असतात, की पाण्याला हलायला जागाच नसते. औषधानं पेशी मरू लागल्या की जागा होते आणि पाणी फिरू लागतं. औषध सुरू होण्याआधीचा फोटो आहेच, त्याच्याशी आज ताडून बघायचं.

हे मला पटकन समजलं. पिंपळनेरच्या बाजाराची गाडी म्हणा ना, जिच्यात कंडक्टरला पुढून मागे जाता येत नाही.

मशीनमध्ये पालथं झोपवलं. हलायचं नाही म्हणाले. कानाशी ठाकठूक, घरघर, जुन्या गाडीचं इंजिन चढाला लागल्यासारखी. औषधानं अंग थकलेलंच होतं, डोळा लागला असावा. मी गाडीत होते. कुसुंबा गेलं, नेर गेलं, कुणी उतरेच ना. माणसाला माणूस चिकटलेलं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, आणि सगळे कसे गप्प. मी म्हणत होते सरका, पुढे सरका, आणि माझा आवाज फुटत नव्हता. खिडकीबाहेर नुसतं पांढरं ऊन वाहत होतं. मागच्या बाकावर कुणीतरी माझी वाट बघत होतं, एवढं मला ठाऊक होतं.

बाहेर काढलं तेव्हा विधीच्या कपाळाला आठी होती. फोटो फाटल्यासारखा आला होता, गाठ होती तिथे नुसतं काळं भगदाड. तिनं विचारलं, मावशी, छातीला काही लावलंय का? मी अक्काकडे बघितलं. अक्का खाली बघत होती.

गेरू. सुजेवर गेरू लावायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. पहाटे मी गुंगीत असताना तिनं लिंबाच्या पाल्याच्या रसात गेरू उगाळून जाड लेप दिला होता. मला कळलं होतं. पण तिचा हात फिरला की मी लहान मूल होऊन जाते, काय करणार? निघायच्या घाईत आंघोळ कसली, नुसतं पाणी ओतून घेतलं. विधी म्हणाली, गेरूत लोखंड असतं, ते मशीनला चालत नाही. अक्का, तुझं डोकं फिरलंय का, असं मी तिथेच सगळ्यांसमोर बोलले.  ती मला न्हाणीत नेऊन साबणानं, मग ओल्या फडक्यानं घासत राहिली, पाण्यातला लाल रंग जाईपर्यंत.

पुन्हा आत गेले. पुन्हा ती घरघर. या वेळी गाडी साक्रीच्या पुढे गेली होती आणि उभे असलेले लोक मधेच कुठे उतरून गेले होते कोण जाणे. गाडीत मोकळा, थंड वारा खेळत होता. मी चालत मागे गेले, कशालाही न धरता. मागच्या बाकावर माय बसली होती. आमची माय. याच दुखण्यानं गेली, तेव्हा माझ्या अंगावर शाळेचा झगा होता. तिनं पैसे पुढे केले. मी घेतले नाहीत, शेजारी बसले. ड्युटीवर बसू नये, पण बसले.

जाग आली तर डोळे ओले. स्वप्नाचं काय घेऊन बसलीस बाई, मी स्वतःलाच म्हटलं. मनाला हवं तेच दिसतं. भीती होती ती होतीच.

विधीनं आम्हा दोघींना पडद्यासमोर बसवलं. आधीचा फोटो आणि आजचा. मला दोन्ही सारखेच दिसले. तिनं एका जागी बोट ठेवलं.

"मावशी, गाठ तेवढीच आहे. पण आतलं पाणी फिरायला लागलंय, चांगलंच. औषध लागू पडतंय असं दिसतं. पुढचं शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही, पण मी तुमच्या जागी असते तर थांबले नसते."

मी श्वास सोडला. आनंद झाला म्हणू की पुढच्या सलाईनींची धडकी भरली म्हणू, दोन्ही एकदम झालं. अक्काला म्हटलं, तू जा आता, मला राहावं लागणार.

ती पडद्यावरून नजर काढेना. तिथेच बघत बोलली.

"मायले लेप मीच लाये. रोज चाचपी दखं. गाठ कमी व्हई ऱ्हायनी, असं मीच बठ्ठासले सांगं. मझारलं माले काहीच कयनं नही, सुलू."

गाठ कमी होतेय असं सगळ्यांना सांगत राहिली आणि आतलं तिला काहीच कळलं नाही, हे इतक्या वर्षांत ती कुणाजवळ बोलली नव्हती. मी तिचे हात धरले. नखांत अजून गेरू होता.

पुढच्या डोसाची तारीख घ्यायला आम्ही दोघी खिडकीशी गेलो. सोबत कोण राहणार, असं आतल्या बाईनं विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत अक्कानं आपलं नाव सांगितलं.