पुट्टीखालचा पत्रा

"त्या इटालियन गाडीच्या दाराचा खळगा पुट्टी भरून बुजवायचा नाही. पत्रा ठोकूनच सरळ करायचा, मग महिना लागला तरी चालेल." दवाखान्यातल्या खाटेवरून वडिलांनी बजावलं होतं आणि तिच्याकडून तसं वचनही घेतलं होतं.

वडील गेले. गॅरेज भावाकडे आलं, सीटांची शिलाई तिच्याकडे राहिली. आणि मागचं दार चेपलेली ती जुनी सेडान आज रंगून उभी होती. लांब नाकाची, गर्द निळी, ऐसपैस. पण अंगावर कुठे सूज नाही. पुढच्या दिव्यापासून निघालेली रेघ दोन्ही दारांवरून थेट मागच्या दिव्यापर्यंत जायची. वडील म्हणायचे, ही काढणाऱ्याने मध्ये श्वास घेतलेला नाही.

तिने डोळे मिटून रेघेवरून तळहात नेला. मागच्या दारावर हात अडखळला. तिने लोहचुंबक टेकवलं. ते घसरून खाली पडलं; रंगाखाली पुट्टीचा जाड थर होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊ शांतपणे हात पुसत होता. संध्याकाळी गाडीच्या मालकीण डॉक्टरीणबाई ती न्यायला येणार, आठ दिवसांचं काम एका दिवसात उरकलं, तूही पुराण लावू नकोस, असं त्याने ऐकवलं. वर हसून म्हणाला, "आणि ताई, त्या दातांच्या डॉक्टर. जन्मभर सिमेंटच भरत आल्या. त्यांना काय वावगं वाटणार?"

"त्यांनी कीड काढून भरलं. तू कीड झाकलीस."

तिचा आवाज चढला नव्हता.

"बाबा नाहीत आता. गॅरेज मी चालवतो. तू आपली सुई सांभाळ."

देवापुढे बसून राग गिळायची तिला वर्षानुवर्षांची सवय होती. हा घास मात्र घशाखाली उतरेना. वडील बाहेरून हातोडी मारत, तेव्हा दाराच्या आतून लोखंडी ठोकळा धरून कोण बसायचं? हा तर आवाज होतो म्हणून पळायचा.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दारात पुट्टी भरली गेली आहे, चूक आमची आहे, गाडी आज मिळणार नाही, एवढंच सांगितलं. भावाचा चेहरा पडला. मग तो गाडीच्या त्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"बाजूला हो," ती म्हणाली.

तो हलेना. ती नुसती बघत राहिली. शेवटी तोच पुटपुटत बाहेर निघून गेला.

तिने पदर खोचला, दार उघडलं आणि आतलं चामड्याचं अस्तर काढण्यासाठी, महिन्यापूर्वी स्वतःच घातलेले टाके एकेक करून उसवायला घेतले.