तीन खेपा

पंचाक्षरीनं टाक दौतीत बुडवला, तसाच पुसून खाली ठेवला आणि तुळजाबाईला म्हणाला, "आठवून या, बाई. मग लिहू."

रेणापुराहून सहा कोस पायी आलेली ती बाई त्याच्याकडं अशी बघत राहिली की त्यालाच मान खाली घालावी लागली. ही तिची दुसरी खेप. लातूरच्या मुन्सफ कचेरीबाहेर लिंबाखाली बसून तो सतरा वर्षं अर्ज लिहीत होता. सनद होती ती फक्त लिहिण्याची. पक्षकार बोलेल ते निजाम सरकारच्या उर्दूत उतरवायचं आणि पानामागं पैसे घ्यायचे. सल्ला द्यायचा तो वकिलानं. गेल्याच महिन्यात शेजारच्या अर्जनवीसानं एकाला चार युक्तीच्या गोष्टी सांगितल्या आणि सनद गमावली. तुळजाबाईजवळ वकील करण्याइतकी ऐपत नव्हती.

व्यापारी गुरुपादप्पानं तिच्याकडून साठ घोंगड्या उधार नेल्या होत्या. उधारीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, आणि ती उलटून महिना झाला होता. मधे त्यानं काही रक्कम देऊन सहीचा कागद दिला असेल, तर मुदत तिथून नव्यानं धरतात. यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. पंचाक्षरीला सगळं ठाऊक होतं आणि सांगायची सोय नव्हती. पण विचारायला बंदी नव्हती. पहिल्या खेपेला त्यानं विचारलं, माल कधी दिला? दुसऱ्या खेपेला विचारलं, नंतर काही मिळालं का? दोन वर्षांमागं दसऱ्याला दहा रुपये आले होते म्हणाली. कोणी आणले, सोबत काय होतं, ते तिला सांगता येईना. म्हणून पुन्हा परत धाडली.

तिसऱ्या खेपेला ती तणतणतच आली आणि एक चिठ्ठी त्याच्यापुढं टाकली. "पैशासंगं ही आलती. देव्हाऱ्यात ठिवली व्हती."

खाली गुरुपादप्पाची मोडीतली सही होती. पंचाक्षरीला हर्ष झाला, पण त्यानं फक्त टाक उचलला. अर्ज लिहिला, वाचून दाखवला आणि दोन पानांचे पैसे घेतले.

तारखेला गुरुपादप्पाच्या वकिलानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. अडाणी बाईला मुदतीचं कसं कळलं? बाहेरचा अर्जनवीस चोरून वकिली करतो आहे, असा त्याचा आरोप. मुन्सफांनी पंचाक्षरीला आत बोलावून उभं केलं. कोर्टात काय बोलावं हेही त्यानं तिला शिकवलं नव्हतं. आता ही भाबडी बाई त्याचे आभार मानणार आणि सतरा वर्षं पाण्यात जाणार.

या माणसानं तुला काय सल्ला दिला, असं मुन्सफांनी विचारलं.

"सल्ला?" तुळजाबाई उसळली. "सरकार, तीन खेपा घालाया लावल्या ह्यानं. पायाची सालटी निघाली. दर बारीला म्हनायचा, आठवून ये. येक शबुद सांगितला न्हाई. पैसं तेवढं मोजून घेतलं. असा दगड मानूस म्या बघितला न्हाई."

कोर्टात हशा पिकला. मुन्सफांनी चिठ्ठी मान्य करून दावा पुढं चालवायचा हुकूम लिहिला.

बाहेर आल्यावर ती त्याच्याजवळ थांबली. राग उतरला नव्हता.

"म्होरला कागद दुसऱ्याकडून लिहून घीन म्हनते. कोन बरा हाय हितं?"

पंचाक्षरीला ते लागलं. त्यानं पटका सारखा केला.

"विहिरीजवळ बसलिंगप्पा बसतात. त्यांच्याकडं जा. अक्षर चांगलं आहे, आणि बोलतातही गोड."

सतरा वर्षांत पक्षकाराला दिलेला त्याचा हा पहिला सल्ला होता.