सातव्या मजल्यावरची खोली

इवासेबाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि थेट पान सत्त्याऐंशी उघडलं. मुखपृष्ठ पाहिलं नाही, अनुक्रमणिका चाळली नाही. पानावर कुणीतरी लाल पेन्सिलीने भली मोठी फुली मारून शेजारी ‘खोटं’ असं लिहिलं होतं. "हे घेते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, याचीच कोरी करकरीत प्रत आहे माझ्याकडे, ही रेघोट्या मारलेली कशाला? त्यावर त्यांनी दोन्ही मागितल्या आणि पिशवीत टाकल्या.

तोक्योत जिंबोचो या पुस्तकांच्या पेठेत, मागच्या गल्लीत, अरुंद जिना चढून वर, माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. माझ्याकडे व्हिडिओ गेमची गाईडं मिळतात. कुठल्या मजल्यावर किल्ली पडली आहे, कुठली भिंत ढकलली की उघडते, सगळं नकाशांसकट छापलेलं. खाली रस्त्यावर थोरामोठ्यांचे ग्रंथ विकणारे दुकानदार माझ्या मालाला पुस्तक म्हणायला तयार नाहीत. न म्हणोत, माझं काय जातं? आता अडलं की लोक फोनला विचारतात. पूर्वी पोरांकडे तेवढंच एक पुस्तक असायचं, आणि ते उशाशी घेऊन झोपायची. ज्या पुस्तकाची पानं अशी हाताळून हाताळून मऊ पडतात, त्याला पुस्तक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

असो. बायको गेल्यापासून दुकानात मी आणि रेडिओ. इवासेबाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायच्या आणि दर वेळी एकाच गाईडच्या प्रती मागायच्या: ‘धुक्यातला मनोरा’. म्हणून मी बाजारातून, मोडलेल्या घरांच्या गठ्ठ्यांतून ते हुडकून ठेवायचो. पहिली दोन वर्षं मला वाटलं, बाईंना नाद आहे. नादिष्ट माणसांवरच माझी चूल पेटते, तेव्हा मी कशाला विचारतोय. तिसऱ्या वर्षी एकदा पाऊस थांबेना, म्हणून मी त्यांना बसवून चहा दिला. तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं.

त्या गाईडातले नकाशे त्यांनीच काढले होते. वय चोवीस, नोकरी दोन गल्ल्या सोडून एका छोट्या प्रकाशनात. खेळ आणि गाईड एकाच दिवशी दुकानात आलं पाहिजे असा तेव्हा रिवाज. मग गेमवाले तीन महिने आधी आपला अर्धाकच्चा खेळ पाठवायचे. बाई एका हाताने खेळायच्या आणि एकेक पाऊल मोजत दुसऱ्या हाताने चौकटीच्या कागदावर नकाशा काढायच्या. सातव्या मजल्यावर उत्तरेच्या भिंतीत त्यांना एक दार सापडलं. आत चार बाय चारची रिकामी खोली. ना किल्ली, ना राक्षस. त्यांनी ती जशी दिसली तशी काढली, पान सत्त्याऐंशीवर. पुस्तक छापून झालं, आणि विक्रीला आलेल्या खेळात त्या जागी नुसती भिंत.

गेमवाल्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, अशी खोली आम्ही कधी केलीच नाही. पोरांची पत्रं आली, पोतंभर. संपादकाने प्रत्येकाला स्वहस्ते माफीचं पोस्टकार्ड लिहायला लावलं, आणि बाईंनी ती लिहिली. एका मुलाने अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्या भिंतीला चिकटून घालवली होती, एकेका पावलावर बटण दाबत. ते पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

"नुमाजिरीसान, मी आत गेले होते," त्या मला म्हणाल्या. "निदान तेव्हा तरी मला तशी खात्री होती. आता नाही सांगता येत."

त्यानंतर त्यांनी नकाशे काढणं सोडलं आणि एका दवाखान्यात कागद लावायची नोकरी धरली. लग्न केलं नाही. आपली चूक आणखी कुणाच्या हाती पडू नये, म्हणून दिसेल ती प्रत उचलायची, असं त्यांनी ठरवलं होतं. घरी एक कपाट त्याच पुस्तकांनी भरलं होतं. हजारो प्रती छापल्या होत्या, सगळ्या कशा जमणार, हे त्यांनाही कळत होतं. पण अपराधाचं असंच असतं, तो बेरीज-वजाबाकी ऐकत नाही. मला त्यांची दया यायची. आणि खरं सांगतो, त्या यायच्या म्हणून बरंही वाटायचं. पहिल्या रविवारी मी दाढी करायचो.

गेल्या हिवाळ्यात तोक्योशेजारच्या सैतामा भागातल्या एका रिकाम्या घरातला गठ्ठा आला. त्यात ‘मनोऱ्या’ची एक प्रत होती. सवयीने मीही पान सत्त्याऐंशीच उघडलं. फुली नव्हती. त्या चार बाय चारच्या खोलीत कुणीतरी टोकदार पेन्सिलीने एक पलंग काढला होता, एक किटली, खिडकी, खिडकीत मांजर. समासात मुंगीएवढ्या अक्षरांत तारखा होत्या. ‘आज वर्गात कुणी बोललं नाही. इथे येऊन बसले.’ ‘डब्यात माती टाकली. इथे येऊन बसले.’ अशा एकोणीस नोंदी. शेवटची मार्चमधली: ‘बाबांची बदली झाली. उद्या जाणार. दार लावून घेतलं.’ मागच्या पानावर फक्त ‘चौथी ब’. नाव खोडलेलं.

चांगल्या माणसाने ते पुस्तक त्याच रविवारी इवासेबाईंपुढे ठेवलं असतं. मी ठेवलं नाही. गल्ल्याच्या खाली सरकवलं. मला दिसत होतं, की हे पान वाचलं की त्यांचं काम संपेल आणि मग त्या कशाला येतील? पहिला रविवार गेला, दुसऱ्या महिन्यातलाही गेला. त्या रिकाम्या हाताने जिना उतरायच्या, आणि मी वरून बघत राहायचो. मन खायला लागलं. तिसऱ्या महिन्यात मी पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि उगाचच मागची फळी आवरायला गेलो.

बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही. वळून बघितलं, तर त्या उभ्याच होत्या, चष्मा हातात.

"हे तुमच्याकडे कधी आलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण म्हणालो, "तीन महिने झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ते का दडवलं हे त्यांना समजलं असावं असं मला वाटलं. मला मान वर करवेना.

मग त्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मुलगी खरंच आत जाऊन बसत होती हो." एवढं बोलून त्या रडल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी त्या ढकलगाडीतून कपाटातल्या सगळ्या प्रती घेऊन आल्या. फुल्या मारलेल्या, चहा सांडलेल्या, कोऱ्या. चार खेपांत मी त्या खालून वर वाहिल्या. पैसे त्यांनी घेतले नाहीत. एकेक प्रत फडक्याने पुसून त्यांनी स्वतः फळीवर लावली, आणि सगळ्यांत शेवटी ती चौथी ब वाली.

"ही तरी ठेवून घ्या," मी म्हणालो.

"ती बाई आता पंचेचाळिशीच्या पुढे असेल," इवासेबाई म्हणाल्या. "शोधत आली, तर सापडायला नको का?"

मग त्यांनी कमरेत वाकून मला नमस्कार केला. इतका वाकून की मी ओशाळलो. चहा ठेवतो, बसा, असं म्हणायचं होतं. अकरा वर्षांत ते कधी अवघड गेलं नव्हतं. पण या वेळी त्यांच्याकडे थांबायला काही कारण नव्हतं, आणि मलाही ते देता येईना. मी म्हणालो, "जिना जपून उतरा." त्या कठडा धरून सावकाश उतरल्या आणि गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळल्या.

त्याला सात महिने झाले. पहिल्या रविवारी मी अजूनही दाढी करतो.